पुळणीत पाइल ठोकताय? भारक्षमता काढताना या चुका टाळा

“वाळूच आहे, पाइल चार मीटर जास्त लांब घ्या, क्षमता वाढेल.” पाइल म्हणजे पायासाठी जमिनीत ठोकलेला लांब खांब; किनाऱ्यावरच्या साइटवर त्याच्याबद्दल हा सल्ला हमखास मिळतो. तो निम्माच खरा आहे.

४०० मिमी व्यासाचा, १६ मीटर लांब पाइल घ्या. वाळूचा घर्षणकोन (कण एकमेकांवर किती अडतात त्याचं माप) ३० अंश. घाईत हिशेब करणारा वाळूचं एकक वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरतो, १६ ने गुणतो आणि टोकापाशी २८८ किलोपास्कल दाब मांडतो. इथे दोन चुका झाल्या. खाडीकाठी पाणी हातभर खोलीवर लागतं, आणि पाण्याखालच्या वाळूचं परिणामी वजन साधारण ९-१०च धरावं लागतं. ९ धरलं तर दाब १४४ वर आला. दुसरी चूक जास्त महागाची: टोकाचा रोध खोलीबरोबर वाढतच जात नाही. पाइलच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २९११) टोकाशी धरायचा दाब व्यासाच्या १५ ते २० पट खोलीपर्यंतच मोजायचा. ३० अंशांच्या वाळूला १५ पट. १५ गुणिले ०.४ म्हणजे ६ मीटर, आणि दाब फक्त ५४. कागदावरची टोकाची क्षमता पाचपटीहून जास्त फुगली होती! बाजूचं घर्षण लांबीबरोबर वाढतं, हे खरं. पण ते वेगळं खातं आहे.

माती तपासायचं बोअरिंग मे महिन्यात झालं असेल तर रिपोर्टातली पाण्याची पातळी डिझाइनला वापरू नका. पावसाळ्यात आणि उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीला टेकतं असं धरूनच गणित करा. पुलाच्या पायाशी धूप होणार असेल तर वरची तेवढी वाळू हिशेबातून काढून टाका.

एन-व्हॅल्यूवर डोळे झाकून विश्वास

एन म्हणजे बोअरहोलच्या तळाशी ठरावीक हातोड्याने नमुना-नळी ३० सेंमी आत जायला लागलेले ठोके. बोअरहोलमधलं पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं की तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते आणि एन खोटा कमी दिसतो. पाण्याची किंवा बेंटोनाइटची (भोक ढासळू नये म्हणून भरलेल्या चिकणमातीच्या द्रवाची) पातळी वर राखली होती का, हे बोअरिंगवाल्याला विचारा. याउलट बारीक, गाळमिश्रित, पाण्याने भरलेल्या वाळूत एन खोटा जास्त येतो. तिथे आधी वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती करायची, आणि मग १५ च्या वरचा भाग निम्मा करायचा: ३५ आला तर २५ धरा.

“सेट मिळाला, काम झालं”

सेट म्हणजे शेवटच्या ठरावीक ठोक्यांत पाइल किती कमी उतरतो ते माप. त्यावर थांबायची ही सवय सगळ्यांत हट्टी. घट्ट, बारीक, ओल्या वाळूत हॅमरचे ठोके बसत असताना वाळू फुगू पाहते, छिद्रांतल्या पाण्याचा दाब घटतो आणि पाइल अडून बसतो. पाणी पूर्ववत झालं की तोच पाइल पुन्हा सहज उतरतो. म्हणून काही पाइल निदान एक दिवस थांबवून पुन्हा ठोकून पाहा. सैल वाळूत उलटही घडतं, क्षमता काळाने वाढते. पण त्या भरवशावर लांबी कापू नये.

किनाऱ्यावर आणखी एक सापळा आहे. शिंपले आणि वाळू चुन्याने जुळून झालेला पातळ, कडक थर लागतो आणि सेट झकास येतो. त्याच्या खाली मात्र सैल वाळू असते. बोअरहोल पाइलच्या टोकाखाली बरंच खोल नेलं असेल तरच हे कळतं. शिंपल्यांचा चुरा जास्त असलेल्या वाळूत घर्षणाचे नेहमीचे आकडेही घेऊ नका. दाबाखाली कण फुटतात आणि पाइलच्या अंगावरची पकड ढिली होते.

खाजणात भराव टाकला असेल तर खचणारा चिखल पाइलला खाली ओढतो. तो भार पाइलच्या क्षमतेत नाही, पाइलवर येणाऱ्या वजनात मिळवा.

गटातले पाइल मधून बाहेरच्या दिशेने ठोका. कडेने सुरुवात केली की मधली वाळू आवळते आणि शेवटचे पाइल अर्ध्यावर अडतात.

सूत्राने आलेल्या आकड्याला किमान २.५ च्या सुरक्षा गुणांकाने भागा, तरी तो अंदाजच. निर्णय लोड टेस्टवर, म्हणजे पाइलवर प्रत्यक्ष भार टाकून तो किती खचतो ते पाहून घ्या. ६०० मिमीपर्यंतच्या पाइलला १२ मिमी खचाव देणाऱ्या भाराचा दोन तृतीयांश, किंवा व्यासाच्या १० टक्के खचाव देणाऱ्या भाराचा निम्मा, यांतला कमी तो सुरक्षित भार. टेस्ट पाइल रिग जिथे सोयीने उभी राहते तिथे नको, सर्वांत कमजोर बोअरहोलशेजारी घ्या.