बालकलाकाराने पुढची कारकीर्द कशी बांधावी

पडद्यावर गाजलेल्या मुलाला मोठेपणी काम मिळेलच असे नाही, म्हणून तयारी आधीच करावी. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या उत्पन्नातील किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा होणे बंधनकारक आहे. पालकांनी भीड न बाळगता निर्मात्याकडे त्या पावतीचा आग्रह धरावा. आवाज फुटण्याच्या वयात भूमिका आटतात. त्या काळात शिक्षण सांभाळून लेखन, संकलन किंवा दिग्दर्शन शिकून घ्यावे. साठच्या दशकात बालकलाकार म्हणून आलेले सचिन पिळगांवकर 1975 मध्ये ‘गीत गाता चल’चे नायक झाले, 1988 मध्ये त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ दिग्दर्शित केला आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकाही केल्या; केवळ नायकपदावर विसंबण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.