चार विसा नि पंधरा

घरमालकीणबाईंनी हीटर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर फोनवर सांगितला. फ्रान्समध्ये फोन नंबर एकेक आकडा करून सांगत नाहीत, जोडीजोडीनं सांगतात. बाई म्हणाल्या, ‘स्वासाँत-दीझ-उइत’. मी लिहिलं ६०, मग १८. बाई म्हणाल्या, ‘कात्र-व्हँ-कँझ’. मी लिहिलं ४, २०, १५. दहा आकडी नंबर माझ्या वहीत पंधरा आकडी झाला. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून दोन रात्री स्वेटरवर स्वेटर चढवून काढल्या.

तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आमची आजी गोवऱ्या मोजायची ती विसावर. ‘चार विसा नि पंधरा झाल्या गं’ म्हणजे पंच्याण्णव. कात्र-व्हँ-कँझ म्हणजे शब्दशः तेच, चार विसा पंधरा. आणि स्वासाँत-दीझ-उइत म्हणजे साठ-दहा-आठ, अठ्ठ्याहत्तर. ज्या आजीनं कधी परभणी जिल्हा ओलांडला नाही, तिचा हिशोब फ्रान्समध्ये चालत होता.

मी परभणीची. शाळेत इंग्रजी शिकवायचे. छत्तिसाव्या वर्षी बिनपगारी रजा काढून, दहा वर्षांची मुलगी सासूबाईंच्या नि नवऱ्याच्या हवाली करून, पूर्व फ्रान्समधल्या बझाँसों गावात नऊ महिने फ्रेंच शिकायला गेले. दू नदीच्या वेढ्यात वसलेलं हे गाव. फ्रेंच लेखक व्हिक्तोर ह्युगोचा जन्म इथला, १८०२ चा, आणि परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणारं विद्यापीठाचं केंद्र इथं १९५८ पासून आहे. ‘या वयात?’ हा प्रश्न मला पासपोर्ट ऑफिसपासून किराणा दुकानापर्यंत सगळ्यांनी विचारला. आता परत आल्यावर तीच माणसं आपल्या पोरांना घेऊन घरी येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी कागद. कँपस फ्रान्स, म्हणजे तिथं शिकायला जाणाऱ्यांचं काम बघणारी फ्रेंच सरकारी संस्था, तिची ऑनलाइन नोंदणी, त्यांची मुलाखत, मग व्हिसाचा अर्ज. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईच्या दोन खेपा झाल्या. खात्यात महिन्याला ६१५ युरोप्रमाणे पैसे दाखवावे लागले, म्हणजे नऊ महिन्यांचे ५,५३५. एवढ्यात भागतं असं समजू नका, हा नुसता दाखवायचा आकडा आहे. तिथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. माझ्या वर्गातला एक मुलगा ते विसरला आणि पुढं त्याच्या फार चकरा झाल्या. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं; पण भाषा येईपर्यंत काम मिळत नाही आणि भाषा येते तोवर कोर्स संपत येतो. कमाईवर भिस्त ठेवून निघू नका.

नावाचं मात्र आधीच बघा. आपल्याकडं मधलं नाव नवऱ्याचं किंवा वडलांचं. तिथं आडनावाआधी जे काही असेल ते सगळं तुमचंच नाव. त्यामुळं मला पत्रं यायची ती ‘मादाम ज्ञानोबा’ या नावानं. बँकेतल्या मुलीला समजावून सांगेपर्यंत माझे भूतकाळाचे सगळे प्रकार पाठ झाले. पासपोर्ट, जन्मदाखला, मार्कमेमो, सगळीकडं नाव एकाच क्रमानं आहे ना, ते निघायच्या सहा महिने आधी तपासा. आणि आपल्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख गुरुजींनी लावलेली १ जून असते, दाखल्यावर वेगळीच. तेही आधीच निस्तरा. दाखल्याचं भाषांतर लागलं तर ते शपथबद्ध भाषांतरकाराचंच चालतं.

मोठ्या वयात गेलेल्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथल्या बऱ्याच सवलती विद्यार्थ्यांना नसतात, तरुणांना असतात. रेल्वेचं तरुणांचं सवलत कार्ड २७ वर्षांपर्यंतच. घरभाड्याला जामीन राहणारी व्हिजाल नावाची चांगली सोय आहे, पण विद्यार्थ्यांसाठी तिची वयाची अट तिशीपर्यंत. मला जामीन मिळेना, घर मिळेना. शेवटी एका सत्तरीच्या बाईंनी वरच्या मजल्यावरची खोली दिली. विद्यापीठाच्या कार्डावर खानावळीत जेवण तेवढं माझ्या वेळी ३.३० युरोत मिळायचं, तिथं वय कुणी विचारलं नाही.

पण ती खोली मिळाली चौथ्या महिन्यात. पहिले तीन महिने मी भारतीय मुलांबरोबर एका घरात राहिले. पोरं गुणी होती. वरण-भात हिंदीत, भांडणं हिंदीत, सिनेमा हिंदीत. वर्गात चार तास फ्रेंच आणि उरलेले वीस तास घरचंच. तीन महिन्यांनी मला ‘पावाच्या दुकानात’ या धड्यातली फ्रेंच येत होती आणि पावाच्या दुकानात मात्र बोटानं दाखवत होते. परदेशी राहिलं की भाषा आपोआप येते, हे खरं नाही. ती अडल्यावर येते. खोली बदलली, आणि शनिवारी एका संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात फुकट काम धरलं. कपडे घडी घालायचे, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. तिथल्या तीन म्हाताऱ्या दिवसभर बोलायच्या, माझ्यासाठी सावकाश बोलायची त्यांना सवडच नव्हती. दोन महिन्यांत कान उघडले.

वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची कोरियन मुलगी बसायची. आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या, आणि इथं आपल्या वहीवर लाल रेघा. हे पचायला वेळ लागतो. मी तर पहिला महिना चूक होऊ नये म्हणून तोंडच उघडलं नाही. बाकीचे चुकत चुकत पुढं गेले.

काही गोष्टी मात्र आपल्याला आयत्या मिळालेल्या आहेत. ‘र’चंच घ्या. सगळे जण त्या फ्रेंच र पुढं घसा खरवडत बसतात. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आजोबांचं शिक्षण उर्दूत. ते ‘ग़रीब’मधला ग़ नि ‘ख़ाली’मधला ख़ जसा म्हणायचे, तोच तो र. ‘रस्ता’ला फ्रेंचमध्ये ‘र्‍यू’ म्हणतात, त्यातला र ग़ सारखा. ‘मेर्सी’तला ख़ कडं झुकलेला. नाकातला स्वरही तसाच. ऐकू आलं नाही की आपण ‘आँ?’ करतो ना, तोच. शेवटी न किंवा म चिकटवायचा नाही, बस.

आपण कुणाशी अरे-तुरे करतो, कुणाशी अहो-जाहो. त्यांच्याकडं अरे-तुरे करण्याला ‘त्युत्वाये’ असं स्वतंत्र क्रियापदच आहे. आमच्या शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला ‘त्यू’ म्हणा. अमेरिकन मुलांनी लगेच सुरुवात केली. माझी जीभ शेवटपर्यंत ‘व्हू’वरच, म्हणजे अहो-जाहोवरच राहिली, त्यांनीही ते चालवून घेतलं.

शब्दांच्या लिंगाचं इंग्रजीवाल्यांना नवल वाटतं, आपल्याला नाही. पण तिथंच आपण फसतो, कारण आपलं लिंग मनात पक्कं बसलेलं असतं. आपला दरवाजा तो, त्यांची ‘ला पोर्त’ ती. आपली भिंत ती, त्यांचा ‘ल म्यूर’ तो. चंद्र तर तिथं बाईच आहे. म्हणून शब्द पाठ करताना ‘ल’ किंवा ‘ला’ लावूनच करा, सुटा शब्द कधी वहीत लिहू नका. ‘मी खाल्लेली पोळी’ यात खाल्लेली कुणामुळं? पोळीमुळं. कर्म आधी आलं की क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माच्या लिंगाप्रमाणं बदलायचं, हा फ्रेंचमधला जो नियम ऐकून अख्खा वर्ग कपाळ धरतो, तो एवढाच आहे.

परीक्षेचं थोडक्यात. डेल्फ नि टीसीएफ या फ्रेंच किती येतं ते तपासणाऱ्या परीक्षा. डेल्फ एकदा पास झालात की प्रमाणपत्र कायमचं, टीसीएफचा निकाल दोनच वर्षं धरतात. विद्यापीठात पुढं शिकायचं तर बहुतेक ठिकाणी बी-२, म्हणजे सहा पातळ्यांतली चौथी, मागतात. डेल्फचे चार भाग पंचवीस-पंचवीस गुणांचे, एकूण पन्नास हवेत, आणि कुठल्याही भागात पाचाच्या खाली गेलात तर बाकीचे गुण वाया. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा ऑनलाइन ए-२, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत इथंच करून जा. ‘माझं नाव अमुक’ हे तिथं युरो मोजून शिकण्यात अर्थ नाही.

घरी फोन लावताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. माझी संध्याकाळची जेवणं उरकेपर्यंत लेक झोपलेली असायची, म्हणून दुपारच्या सुट्टीत नदीकाठी बसून बोलायचे. थंडीत हात मोज्यातून काढवत नसत.

बॅगेत तूप, पेढे, खवा टाकू नका. दुधाचे नि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला मनाई आहे. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. ज्वारीच्या पिठाचं ओझं मात्र वाहू नका, तिथं बिओ, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात ‘फारीन द सोर्गो’ म्हणून मिळतं. महाग आहे, आणि विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही.