पाहुणे दोन देशांचे, झेंडे तीन: मंचाची मांडणी

मुंबईतल्या तुमच्या संस्थेच्या कार्यक्रमाला जर्मनी आणि जपानचे महावाणिज्यदूत एकत्र येणार आहेत असं धरू. छपाईआधी पत्रिका वाचा: त्यांना ‘राजदूत’ लिहू नका, राजदूत दिल्लीत असतात.

आता झेंडे. मंचावरून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या टोकाला तिरंगा. डेकोरेटर मात्र समोरून बघत काम करतो आणि ‘उजवीकडे’ म्हटलं की स्वतःच्या उजवीकडे काठी लावतो. म्हणून त्याला ‘प्रेक्षकांच्या डाव्या हाताला’ असंच सांगा. पुढचा क्रम देशांच्या इंग्रजी नावांप्रमाणे: आधी जर्मनी, मग जपान. मराठी वर्णानुक्रम धरलात तर जपान पुढे येतो, आणि यादी मराठीत केली की हमखास हेच होतं. बॅनरवर छापलेल्या झेंड्यांनाही हाच क्रम.

दोनच झेंडे भिंतीवर फुलीसारखे लावायचे असतील तर तिरंगा बघणाऱ्याच्या डावीकडे आणि त्याची काठी दुसरीच्या पुढे.

काठ्या वेगवेगळ्या, पण सारख्या उंचीच्या. मंचासाठी ९०० × ६०० मिमी, टेबलासाठी १५० × १०० मिमी पुरे. तिरंगा आणि जपानचा झेंडा ३:२ प्रमाणात असतो, जर्मनीचा ५:३. तीन दुकानांतून आणले की लहानमोठे दिसतात आणि ते पाहुण्यांच्या लगेच लक्षात येतं. एकाच ठिकाणी, एका मापात शिवून घ्या. हातात आल्यावर तपासा: अशोकचक्राला २४ आरे, जर्मनीचा काळा पट्टा वर, जपानचं लाल वर्तुळ बरोबर मध्यभागी आणि ६०० मिमी उंचीला ३६० मिमी व्यासाचं.

उघड्यावर, पावसाळ्यात खादी भिजून काठीला चिकटते. ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरही चालतं, तेच घ्या. तिरंगा आधी चढवा, शेवटी उतरवा. टेबलावर किंवा पोडियमवर तो पांघरू नका, त्यापेक्षा साधं सुती कापड बरं.

राष्ट्रगीतांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून उतरवू नका, दूतावासाकडूनच मागवा. जर्मनीच्या गीताचं फक्त तिसरं कडवं अधिकृत आहे. पहिलं वाजलं तर पाहुण्यांची मोठी पंचाईत होते. आपल्या गीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. कोणतं आधी वाजणार हे दूतावासाच्या अधिकाऱ्याकडून ठरवून घ्या आणि साउंडवाल्याला तिन्ही फायली त्याच क्रमाने, १, २ आणि ३ असे आकडे घालून द्या.