मृत्युदर आणि रोगभार कसा मोजावा: तालुका पातळीवरील कामासाठी

2018 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार केरळचा ढोबळ मृत्युदर हजार लोकसंख्येमागे 6.9 होता आणि बिहारचा 5.8. त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे केरळात 7 अर्भके (एक वर्षाखालील बाळे) दगावली, तर बिहारमध्ये 32. केवळ पहिल्या आकड्यावर विसंबल्यास बिहार अधिक निरोगी ठरतो, आणि ते उघडच चुकीचे आहे. मृत्युदराचे गणित साध्या भागाकाराचे असते. खरा कस लागतो तो अंश आणि छेद कोठून आले हे तपासताना. पुढील पद्धत तालुका आरोग्य कार्यालयातील कर्मचारी, कार्यकर्ते आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी यांच्यासाठी मांडली आहे.

छेद आधी ठरवावा

ढोबळ मृत्युदरासाठी वर्षाच्या मध्याची, म्हणजे 1 जुलैची लोकसंख्या धरतात. अर्भक मृत्युदरासाठी त्या वर्षीचे जिवंत जन्म. 2011 नंतरची जनगणना लांबल्याने लोकसंख्येचा आकडा बहुतेक ठिकाणी अंदाजितच असतो, तेव्हा तो कोणत्या आधारे घेतला हे अहवालात लिहावे. आपल्याकडे मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथे होते. त्यामुळे जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात दगावलेला खेड्यातील रुग्ण शहराच्या खात्यात जातो, शहराचा दर फुगतो आणि त्याच्या गावाचा कमी दिसतो. म्हणून प्रत्येक मृत्यू नेहमीच्या रहिवासाच्या गावाकडे वर्ग करूनच दर काढावा. ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने बाहेर राहणारी कुटुंबे असलेल्या तालुक्यांत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण फडावर दगावलेले मूल अनेकदा दोन्हीकडच्या नोंदींतून निसटते.

अंश: एकही मृत्यू सुटू नये

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. तरीही एकाच नोंदवहीवर विसंबू नये; दोन स्वतंत्र याद्या कराव्यात. नमुना नोंदणी पाहणी याच तत्त्वावर चालते: स्थानिक गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक घरोघर स्वतंत्र चौकशी करतो, दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि न जुळलेल्या घटनांची पुन्हा घरी जाऊन खातरजमा होते.

याद्या ताडल्यावर दोन्हींतून सुटलेल्या मृत्यूंचाही अंदाज काढता येतो. सी. चंद्रशेखरन आणि विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी कोलकात्याजवळच्या सिंगूर येथील नोंदींवरून ही रीत 1949 मध्ये मांडली. समजा ग्रामपंचायतीच्या वहीत 80 मृत्यू आहेत, आशाताईंच्या यादीत 75, आणि दोन्हींत सामाईक 60. प्रत्यक्ष हाती आलेले मृत्यू 95 झाले. पण 80 गुणिले 75 भागिले 60 केल्यास एकूण अंदाज 100 येतो, म्हणजे पाच मृत्यू कोणालाच सापडलेले नाहीत. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे गणित चालते. एकीवरून दुसरी उतरवून घेतली असेल, किंवा काही मृत्यू दोन्हीकडून सुटण्याचीच शक्यता जास्त असेल, तर खरा आकडा याहून मोठा असतो.

असे सुटणारे मृत्यू अनेकदा नवजात बाळांचे असतात. जन्मानंतर तासाभरात गेलेल्या बाळाचा ना जन्म नोंदला जातो ना मृत्यू, किंवा ते ‘उपजत मृत’ या रकान्यात ढकलले जाते. त्यामुळे नोंदवही हाती आली की पहिली तपासणी ही करावी: 2018 मध्ये देशाचा अर्भक मृत्युदर 32 होता, त्यापैकी 23 मृत्यू पहिल्या 28 दिवसांतले होते. आपल्या वहीत हे प्रमाण निम्म्याहून कमी दिसले, तर आधी नोंदणीवर शंका घ्यावी.

नोंदी किती अपुऱ्या आहेत हे अपेक्षित आकड्यावरूनही कळते. 30,000 लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला सुमारे 480 जन्म होत असतील आणि अर्भक मृत्युदर 20 च्या आसपास असेल, तर साधारण दहा अर्भकमृत्यू नोंदीत असायला हवेत. दोनच असतील, तर त्या केंद्राला कामगिरीचे प्रशस्तिपत्र देण्यापूर्वी घरोघर चौकशी करणे हे आपले कर्तव्य आहे. मृत्यू नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यालाच जाब विचारण्याची पद्धत जेथे आहे तेथे मृत्यू कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात.

मात्र दहाच्या जागी एका वर्षी सहा आणि पुढच्या वर्षी चौदा मृत्यू झाले, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. इतक्या लहान आकड्यांत एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत आणि एकेका गावाचा दर काढूच नये.

तुलना करताना वय समान करावे

आता केरळ आणि बिहारचे कोडे उलगडते. केरळात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, आणि वृद्ध जास्त म्हणून मृत्यूही जास्त. हे दोन काल्पनिक तालुक्यांवर करून पाहावे. दोन्हींची लोकसंख्या एक लाख धरू. पहिल्यात 15 वर्षांखालील 30,000, 15 ते 59 वयाचे 62,000 आणि साठीपुढचे 8,000 लोक आहेत. या गटांतील मृत्युदर हजारी अनुक्रमे 2, 3 आणि 40. एकूण मृत्यू 566, ढोबळ दर 5.7. दुसऱ्यात 20,000, 62,000 आणि 18,000 लोक आहेत, दर 1, 2 आणि 32. मृत्यू 720, ढोबळ दर 7.2. प्रत्येक वयोगटात दुसरा तालुका उजवा असूनही ढोबळ दरात तो मागे पडतो. आता दोघांसाठी 25,000, 62,000 आणि 13,000 अशी एकच प्रमाण लोकसंख्या घेऊन त्यांचे वयोगटनिहाय दर तिला लावावेत. पहिल्याचा दर 7.6 होतो, दुसऱ्याचा 5.7, आणि खरे चित्र समोर येते.

कारण शोधणे

भारतात वैद्यकीय प्रमाणपत्रासह कारण नोंदलेले मृत्यू 2020 मध्ये नोंदणीकृत मृत्यूंच्या सुमारे 22.5 टक्केच होते. उरलेल्यांसाठी मौखिक शवपरीक्षण करतात: प्रशिक्षित कर्मचारी जवळच्या नातेवाइकाला शेवटच्या आजाराची हकीकत त्याच्याच शब्दांत सांगू देतो आणि मग ठरावीक प्रश्न विचारतो. नवजात बाळाच्या बाबतीत ‘जन्मल्यावर रडले का, दूध ओढत होते का, ओढणे कधी थांबले, अंग गार लागत होते का’ एवढ्या प्रश्नांवरून मृतजन्म, श्वासावरोध आणि जंतुसंसर्ग यांत बऱ्याच अंशी फरक करता येतो. हे प्रश्न आईला विचारायचे असतात. घाई करू नये आणि तिने सांगितलेले आपल्या शब्दांत बदलू नये. पुढे दोन डॉक्टर ती हकीकत स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात. एकमत झाले नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतो.

डॉ. प्रभात झा आणि भारताच्या महानिबंधक कार्यालयाने याच पद्धतीने देशभरातील मृत्यू तपासले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार सत्तरीपूर्वी मलेरियाने वर्षाला सुमारे 2,05,000 भारतीय मरत होते, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 15,000 चा होता. तापाची लक्षणे अनेक रोगांत सारखीच असल्याने या आकड्यावर मोठा वाद झाला, आणि तो रास्त होता. सर्पदंशाचे तसे नाही, कारण घरच्यांची ओळख तेथे सहसा चुकत नाही. 2005 साठी निघालेला सुमारे 46,000 मृत्यूंचा आकडा म्हणूनच अधिक भरवशाचा आहे.

रोगभार

मृत्यू मोजून पाठदुखी, अंधत्व वा नैराश्य दिसत नाही. त्यासाठी ‘डॅली’ हे एकक वापरतात: अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे अधिक आजारपणात काढलेली वर्षे, दुसऱ्या भागाला आजाराच्या तीव्रतेनुसार 0 ते 1 दरम्यानचा भारांक लावून. समजा सर्पदंशाने गेलेल्या तरुण शेतकऱ्याला आणखी 50 वर्षे आयुष्य अपेक्षित होते, तर 50 डॅली. दुसरा शेतकरी वाचला पण अधू होऊन 30 वर्षे जगला आणि भारांक 0.1 असेल, तर 3 डॅली. अपेक्षित आयुष्याची सारणी सर्व देशांना एकच लावतात, जेणेकरून गरीब प्रदेशातील मृत्यूची किंमत कमी धरली जाऊ नये, आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

भारतीय राज्यांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीत एकूण डॅलींमधील असंसर्गजन्य रोगांचा वाटा 1990 मधील 30.5 टक्क्यांवरून 2016 मध्ये 55.4 टक्क्यांवर गेलेला दिसतो. असा तक्ता वापरताना प्रत्येक आकड्याशेजारची अनिश्चिततेची मर्यादा वाचावी. ती खूप रुंद असेल, तर तेथे प्रत्यक्ष नोंदी तुटपुंज्या आहेत आणि आकडा मुख्यतः गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) आला आहे असे समजावे. तालुक्याचे अंदाजपत्रक त्यावर ठरवण्यापूर्वी वर सांगितलेल्या दोन याद्या आधी कराव्यात.