दिवाळी ते संक्रांत: नागपूरच्या थंडीत घरातली झाडे घेताना आणि सांभाळताना

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की नागपुरात कुंड्यांच्या खरेदीला रंग चढतो. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, मार्गशीर्षातल्या वास्तुशांती, नाताळ आणि नवे वर्ष अशी निमित्ते एकापाठोपाठ एक येतात, आणि मिठाईच्या डब्याऐवजी चकचकीत कागदात गुंडाळलेली कुंडी देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. या कुंड्यांतली बहुतेक झाडे दूरदेशीच्या दमट, सावलीच्या जंगलांतली असतात. अँथुरियम मूळचे कोलंबिया आणि इक्वेडोरकडचे, मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतचे, तर अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियातले. त्यांना ऊब आणि ओलसर हवा लागते, आणि आपण ती घरी आणतो ती नेमकी वर्षातल्या सर्वांत थंड व कोरड्या दिवसांच्या तोंडावर. म्हणून या हंगामात झाड घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: संक्रांतीपर्यंत त्या झाडाला वाढवायचे नाही, फक्त टिकवायचे आहे. हिवाळ्यात घरातली झाडे थंडीने मरतात त्याहून अधिक आपल्या अतिकाळजीने मरतात.

रोपवाटिकेत गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा न विचारता माल कधी उतरला तो विचारावा. नागपुरात विकली जाणारी शोभेची बरीचशी झाडे इथे वाढवलेली नसतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे, तिथून आणि पुण्याकडून ती ट्रकने येतात. गोदावरीच्या काठच्या ओलसर हवेत वाढलेले झाड दोन दिवस अंधारात प्रवास करून विदर्भाच्या कोरड्या हवेत उतरते, तेव्हा त्याला धक्का बसतोच, पण तो लगेच दिसत नाही. पाने पिवळी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तोवर झाड आपल्या दिवाणखान्यात आलेले असते. त्यामुळे कालच उतरलेल्या टवटवीत मालापेक्षा पंधरा-वीस दिवस तिथेच उभे राहून एखादे-दुसरे पान गाळलेले आणि तरीही नवा कोंब काढणारे झाड घेणे शहाणपणाचे. ते दिसायला थोडे उणे असते, पण त्याची परीक्षा दुकानातच झालेली असते.

झाड निवडताना फुलांकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी पान उलटे करून उजेडात धरावे. पानाच्या देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो; पानाखाली बारीक जाळे आणि वर धुरकट ठिपके असले तर लाल कोळी; आणि देठावर नखाने खरवडून निघणारे तपकिरी खवले असले तर खवले कीड. यांपैकी काहीही दिसले तर झाड कितीही स्वस्त असो, ते तिथेच ठेवावे, कारण त्या एका कुंडीतून घरातल्या बाकी सगळ्या कुंड्यांना लागण होते. मग खोड धरून हलके हलवून पाहावे. मुळे धरलेले झाड मातीसकट हलते, तर नुकतीच खोचलेली फांदी मातीत सैल डुगडुगते. शेवटी कुंडी उचलून तळाची भोके पाहावीत आणि मातीचा वास घ्यावा. आंबूस वास आला तर मुळे कुजू लागलेली आहेत असे समजावे. पाने आरशासारखी चमकत असतील तर त्यांवर चमक आणणारे द्रव्य फवारलेले असण्याची शक्यता मोठी; ओल्या कापडाने पुसलेले निरोगी पान चमकते, पण इतके नाही. (घरी आल्यावर पानांना खोबरेल तेल किंवा दूध चोळण्याचा उपायही करू नये. त्यावर धूळ चिकटते, आणि दिवाळीनंतर नागपुरात धुळीची कमतरता नसते.)

‘हवा शुद्ध करणारे’ अशा पाटीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही. या समजुतीचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या एका प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. दारे-खिडक्या असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी हवेत मोजण्याजोगा फरक पडत नाही. झाड सुंदर दिसते, एवढे कारण ते घेण्यास पुरेसे आहे.

कोणते झाड घ्यावे, हे ते कोण सांभाळणार यावर ठरवावे. पहिल्यांदाच झाड घेणाऱ्याने किंवा कोणाला भेट द्यायची असणाऱ्याने झीझी प्लांट, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट यांपलीकडे जाऊ नये. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यांत पाणी साठलेले असते, त्यामुळे हिवाळ्यात महिनाभर विसरले तरी ते कुरकुरत नाही. पीस लिली आणि मॉन्स्टेरा थोडे लक्ष मागतात. अ‍ॅग्लोनिमा, कॅलेथिया आणि डायफनबेकिया मात्र डिसेंबरात न घेतलेलेच बरे. विशेषतः लाल-गुलाबी पानांचा अ‍ॅग्लोनिमा पाहून मन कितीही मोहात पडले तरी फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबावे. घरात रांगते मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डायफनबेकिया, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि ओठ-जीभ सुजतात, म्हणून या कुंड्या उंचावरच ठेवाव्यात.

नाताळच्या सुमारास सगळीकडे दिसणाऱ्या पॉइन्सेटियाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. हे मेक्सिकोचे झाड. त्याचा लाल भाग फूल नसून रंग बदललेली पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे मधोमध दिसणारे बारीक पिवळे-हिरवे गोळे. विकत घेताना तेच गोळे पाहावेत: ते घट्ट मिटलेले असतील तर रंग महिना-दीड महिना टिकतो, आणि परागकण सांडून गळायला लागलेले असतील तर झाडाचा बहर ओसरत आलेला असतो. याची पाने लाल होतात ती रात्र लांबली की. आपल्याकडे ऑक्टोबरपासून रात्र बारा तासांहून मोठी होते आणि डिसेंबरात तेरा तासांच्या आसपास जाते, म्हणून अंगणातले पॉइन्सेटिया कोणी काही न करता लाल होते. मात्र रस्त्यावरच्या दिव्याखाली आलेली त्याची फांदी पुष्कळदा हिरवीच राहते. कुंडीतले झाड पुढच्या वर्षी पुन्हा लाल व्हावे अशी इच्छा असेल, तर ऑक्टोबरपासून सुमारे दोन महिने त्याला संध्याकाळनंतर ट्यूबलाइटचा उजेड लागणार नाही अशी जागा द्यावी लागते. हे झाड विषारी असल्याचा बोलबाला अतिशयोक्त आहे. त्याच्या पांढऱ्या चिकाने त्वचेला खाज सुटू शकते, एवढे मात्र खरे.

झाड घरी नेण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. हिवाळी अधिवेशनाचे दिवस होते, म्हणजे बंदोबस्ताने रस्ते अडलेले आणि थंडीही ऐन भरात. रात्री आठच्या सुमारास अ‍ॅग्लोनिमाची एक देखणी कुंडी स्कूटरच्या पायाशी उघडीच ठेवून मी वळसे घेत अर्ध्या तासाने घरी पोहोचलो. झाड ठीक दिसत होते. तिसऱ्या दिवशी वाऱ्याच्या बाजूच्या पानांवर तेलाचा डाग पडावा तसे काळपट, पाणीदार चट्टे उमटले आणि आठवड्याभरात ती सगळी पाने लोंबकळली. हा रोग नव्हता, थंड वाऱ्याने पानांच्या पेशींना झालेली इजा होती, आणि ती भरून येत नाही. तेव्हापासून मी झाड आणायला दुपारी जातो, दुचाकीवर आणायचे असेल तर पानांवरून वर्तमानपत्राचा सैल कोन करून सुतळीने बांधतो आणि घरी आल्याबरोबर तो सोडतो. भेट म्हणून आलेल्या कुंडीचा प्लास्टिकचा चकचकीत कागदही त्याच दिवशी काढावा, कारण त्याच्या तळाशी पाणी साचून मुळे बुडालेली राहतात.

नवी कुंडी पहिले दोन आठवडे घरातल्या इतर झाडांपासून वेगळी ठेवावी आणि पाने दोन्ही बाजूंनी ओल्या कापडाने पुसावीत. कीड दिसलीच तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब नीट मिसळून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. याखेरीज काहीही करू नये. आणल्या दिवशी सुंदर कुंडीत झाड बदलण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण थंडीत मुळे जवळजवळ थांबलेली असतात आणि तुटलेले मूळ लवकर भरत नाही. नवी कुंडी दाखवायचीच असेल तर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट झाड तिच्यात नुसते ठेवून द्यावे. खतही फेब्रुवारीपर्यंत देऊ नये.

पाण्याच्या बाबतीत वार ठरवून चालत नाही. तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावी. बोट बाहेर काढल्यावर त्याला ओलसर कण चिकटले तर झाडाला पाणी नको आहे. बोट कोरडे आणि धुळकट निघाले तरच द्यावे. पीस लिलीला एक पेर कोरडे झाले की पाणी चालते, मॉन्स्टेराला दोन पेरे, आणि झीझी व स्नेक प्लांटची कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी. डिसेंबर-जानेवारीत घरातल्या मध्यम कुंडीला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुष्कळदा पुरते, आणि झीझीला महिन्यातून एकदा. द्यायचे तेव्हा तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि ताटलीत जमलेले अर्ध्या तासाने ओतून टाकावे. पानांनी मान टाकली की पाणी घालण्याची आपल्याला सवय असते, पण मुळे कुजलेले झाडही अगदी तसेच मान टाकते, आणि तिथेच घात होतो. माझ्या घरातली एक पीस लिली अशीच गेली. उपटून पाहिले तेव्हा मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झालेली होती, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी हातात येऊन आत नुसता दोरा उरत होता. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असते. म्हणून सुकलेले झाड दिसले की आधी कुंडी उचलून पाहावी: हलकी असेल तर तहान, जड असेल तर कूज.

पाणी कसले, हेही पाहावे. जानेवारीत सकाळी छतावरच्या टाकीचे पाणी हात आखडून टाकते. ते मुळांवर ओतू नये. बादलीत काढून ठेवावे आणि दुपारी द्यावे. बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, तर कॅलेथिया आणि पीस लिलीच्या पानांची टोके करपतात. त्यांच्यापुरते नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

आता जागा. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात जिथे उन्हाची तिरीपही येत नाही त्या दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत आतपर्यंत उतरते. हे कोवळे ऊन सकाळी दोन तास मिळाले तर बहुतेक झाडांना मानवते आणि मातीही वेळेवर सुकते. रात्री मात्र हीच खिडकी शत्रू ठरते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास अनेकदा उतरतो, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांवर गेला होता. अ‍ॅग्लोनिमाला १३-१४ अंशांखालीच त्रास सुरू होतो. तेव्हा अंधार पडण्याआधी बाल्कनीतली नाजूक झाडे आत घ्यावीत, काचेला टेकलेली पाने हातभर दूर सरकवावीत, आणि फरशी गार पडत असेल तर कुंडीखाली थर्मोकोलचा तुकडा किंवा जुने पोते घालावे. शेगडी पेटवत असाल तर झाड तिच्याजवळ ठेवून ऊब देण्याच्या फंदात पडू नये, पाने भाजतात आणि धुराने गळतात. दुपारच्या कोरड्या हवेवर पानांवर पाणी शिंपडण्याचा उपाय पाच-दहा मिनिटांपुरताच असतो; त्यापेक्षा चार-पाच झाडे एकमेकांजवळ ठेवल्यास त्यांच्याच बाष्पाने आसपासची हवा थोडी ओलसर राहते.

सुट्टीत ताडोबा-पेंचला किंवा माहेरी आठवडाभर जायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी ज्यांना हवे त्यांनाच पाणी देऊन कुंड्या खिडकीपासून आत, पण उजेडात, एकत्र ठेवाव्यात. हिवाळ्यात दहा दिवस हे सहज निभते. शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन रोज पाणी घालायला सांगण्यात धोका अधिक, कारण त्या मायेने खरोखरच रोज घालतात.

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार होऊ लागल्या आणि गुंडाळी केलेले नवे पान दिसले की कुंडी बदलावी. शेतातली काळी माती वापरू नये. ती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग धानाचे तूस किंवा विटेचा जाडसर चुरा, त्यात मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण चालते. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटेच मोठी असावी. पॉइन्सेटियाची छाटणीही याच सुमारास करावी, चार-सहा इंच फांदी ठेवून. मार्चच्या मध्यापासून ऊन चावू लागते, तोवर दक्षिणेच्या आणि विशेषतः पश्चिमेच्या खिडकीतली झाडे मागे घेऊन पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे न्यावीत.