दुकान कायदेशीर आहे, तुमचा व्हिसा नाही राहणार

अमेरिकेत नव्यानं आलेल्यांना बँकेचं खातं, क्रेडिट हिस्टरी, भाड्याचं घर यावर सल्ले देणारे खंडीभर भेटतात. गांजाबद्दल मात्र आपल्या मंडळांत कोणी तोंड उघडत नाही. काका-काकूंना वाटतं विषय काढला की पोरं बिघडतील. आणि दोन वर्षं आधी आलेला रूममेट छातीठोकपणे सांगतो, "इथे लीगल आहे रे, बिनधास्त घे." मला भीती वाटते ती या रूममेटची.

कारण त्याचं अर्धं खरं आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टननं २०१२ मध्ये मौजेखातर घ्यायच्या गांजाला मतदानानं दार उघडलं, पुढे कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आले आणि २०२३ मध्ये ओहायो चोविसावं राज्य झालं. दुकानाच्या दारात ओळखपत्र तपासतात, वय २१ पूर्ण लागतं. आत काचेची कपाटं, पाकिटावर टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, मिलिग्रॅम, प्रयोगशाळेत तपासल्याची नोंद, बिलात राज्याचा कर. गल्लीबोळात चोरून विकण्यापेक्षा ही व्यवस्था शंभरपट बरी, असं माझं मत आहे. पण मोठ्या कंपन्यांची क्रेडिट कार्डं तिथे चालत नाहीत. केंद्राच्या लेखी हा धंदा आजही बेकायदा आहे, म्हणून त्या हात झटकतात. १९७० च्या केंद्रीय कायद्यानं गांजा हेरॉइनच्या रांगेत बसवला. राज्यानं परवानगी दिली तरी केंद्र मनाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगून टाकलं. आणि तो खटला तर औषध म्हणून घरी लावलेल्या झाडांचा होता.

आता नीट ऐका. तुम्ही राहता न्यू जर्सीत, पण व्हिसा तुम्हाला न्यू जर्सीनं दिलेला नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, तिन्ही केंद्राच्या हातात. तिथे राज्याचा कायदा दाखवून काही उपयोग नाही.

आणि यात अडकायला अटक व्हावी लागत नाही, शिक्षाही नाही. तुम्ही स्वतः तोंडानं कबूल केलंत तरी प्रवेश नाकारता येतो. ओळखीतल्या एका मुलाचं हेच झालं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होता, बहिणीचं लग्न आटोपून परत येत होता. विमानतळावर आतल्या खोलीत नेलं, फोन मागितला. फोनमध्ये दुकानासमोर पाकीट हातात धरून काढलेला फोटो. अधिकारी हसतमुख. "तिथे तर चालतंच, कधी घेतलं होतंस?" यानं सरळ सांगितलं, घेतलंय, पण दुकानातून, बिलासकट. ते टाइप झालं, खाली सही घेतली आणि पुढच्या विमानानं परत पाठवलं. घराचा करार, गाडीचं कर्ज, सामानानं भरलेलं घर, सगळं मित्रांनी निस्तरलं.

"मग खोटं बोलायचं का?" असं लगेच विचारू नका. खोटं पकडलं गेलं तर तो वेगळा गुन्हा, आणि त्याचा डाग बहुधा जन्मभर पुसत नाही. घेऊच नका, फोटो काढू नका. घेऊन झालं असेल तर प्रवासाआधी, ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. फी जड वाटेल, द्या. त्या तपासणीत डॉक्टर गप्पा मारल्यासारखं विचारतात, पण उत्तर फॉर्मवर जातं.

तीस ग्रॅमचा किस्सा पार्टीत हमखास ऐकाल. स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंत माल जवळ असल्याचा एकच गुन्हा असेल तर देशाबाहेर काढत नाहीत, हे बरोबर. पण ती सवलत देशात राहिलात तरच. भारतात जाऊन परत येताना तोच गुन्हा आडवा येतो, मग माफीचा वेगळा अर्ज. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी गांजा बाळगण्याच्या गुन्ह्याला दिलेली माफीही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना होती, व्हिसावाल्यांना नव्हे. गांजाला केंद्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून, म्हणजे सर्वांत कडक यादीतून, तिसरीत नेलं तरी हुरळू नका. इमिग्रेशनचा कायदा पाचही अनुसूचींना लागू आहे.

नोकरीचंही तेच. या दुकानांचं सॉफ्टवेअर, हिशेब, माल पोचवणं, पगार बरा असतो. घेऊ नका. नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य तपासताना हा धंदा आणि राज्यात कायदेशीर असलेलं सेवनही विरोधात जाऊ शकतं, असं इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलंय. ग्रीन कार्ड मिळालं की सुटलो, असं मानणारे आपल्यातच जास्त.

बाकीचं थोडक्यात. ओढून गाडी चालवणं प्रत्येक राज्यात गुन्हा. राज्याची हद्द ओलांडताना जवळ बाळगू नका, दोन्ही बाजूंना कायदेशीर असलं तरी. राष्ट्रीय उद्यानं केंद्राची. टेक्सासला बदली झाली तर कॅलिफोर्नियाच्या सवयी तिकडे नेऊ नका. कोणाकडे जेवायला गेलात आणि टेबलावर गमी, म्हणजे जेलीच्या गोळ्या, दिसल्या तर त्यात गांजा आहे का ते आधी विचारा. असर तासा-दीड तासानं येतो, तोवर माणूस दुसरी खाऊन बसलेला असतो. लहान मुलं असतील तर त्या घरात बशीवर डोळा ठेवा. पेट्रोल पंपावरच्या सीबीडी (गांजाच्याच रोपातला, नशा न आणणारा घटक) गोळ्या घेऊनही कंपनीच्या लघवीच्या चाचणीत तुम्ही अडकू शकता.

आणि आई-बाबा येणार असतील तर निघण्याआधीच त्यांची औषधांची पिशवी फोनवर वाचून घ्या. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडा-फुलोरा, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची गोळी पाचक म्हणून राजरोस मिळते. अमेरिकेचा कायदा पान आणि फूल असा भेद करत नाही. सासऱ्यांनी कितीही "आयुर्वेदिक आहे" म्हटलं तरी ती डबी घरीच ठेवायला सांगा.