बॅकस्टेज करायचंय? मग निदान या चुका तरी करू नका

आमचं दार उभंच राहिलं नाही. सेकंड इयरला होते मी, पहिलीच एकांकिका, सेटमध्ये एक दाराचा फ्लॅट (फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीची, उचलून नेता येणारी खोटी भिंत) आणि बाजूला दोन भिंती एवढंच होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही ते स्क्रूनी जोडायचो, निवांत, गप्पा मारत, मधे कोणीतरी तर्री-पोहे घेऊन यायचं, पाऊण तास सहज जायचा आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. स्पर्धेच्या दिवशी सेट लावायला मिळाली १० मिनिटं. स्क्रूड्रायव्हर एक, पोट्टे सहा, आणि स्क्रूची पिशवी फुटून अर्धे स्क्रू स्टेजच्या फळ्यांच्या फटीत. शेवटी आमचा एक जण अख्खा अर्धा तास दाराच्या मागे फ्लॅट धरून उभा राहिला, आणि नायिका रडत रडत दार लावते त्या सीनला चौकटीवर त्याची चार बोटं दिसत होती. प्रेक्षक हसले. अजूनही कोणी भेटलं की 'बोटं कशी आहेत' असंच विचारतात.

त्यानंतर सात-आठ वर्षं वेगवेगळ्या कॉलेजच्या नाटकांचं नेपथ्य आणि लाईट करतेय, आणि दरवर्षी नवीन पोरं त्याच चुका करताना दिसतात. म्हणून हे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी 'ताई, पाच मिनिटं बोलायचं होतं' म्हणून फोन आला की हेच पाठवून देता येईल.

ऑडिशनमध्ये रोल नाही मिळाला म्हणून बॅकस्टेजला येणं

येऊ नका असं नाही म्हणत, मीही तशीच आले होते. पण मग मनात सतत 'कोणी आजारी पडलं तर मला घेतील' हे चालू ठेवलं की काम होत नाही, लक्ष स्टेजवर आणि हात भलतीकडे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिथे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी बक्षिसं असतात, म्हणजे हे उरलेल्यांचं काम नाहीये हे सरकारलाही कळलेलं आहे, फक्त आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर अजून पोचलेलं नाही.

दुसरं, 'काही काम असेल तर सांगा' असं म्हणू नका. जो काही काम असेल तर सांगा म्हणतो त्याला शेवटपर्यंत खुर्च्या उचलायला लावतात. सरळ एक गोष्ट मागा. 'मला साऊंड करायचाय, येत नाही, पण शिकतो, रीडिंगपासून बसतो' असं दिग्दर्शकाला किंवा सीनियरला जाऊन सांगा. रीडिंगपासून हे महत्त्वाचं, कारण शेवटच्या आठवड्यात उगवणाऱ्याला नाटकच माहीत नसतं, तो नुसती बटणं दाबतो. मला तर उलट वाटतं की वाचनाला बॅकस्टेजवाला पहिला यावा, नट दहा मिनिटं उशिरा आला तरी चालेल. (नट चिडतील. चिडू द्या.)

नियमपत्रक न वाचणं

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवाचे नियम बघा, आपल्या विद्यापीठाच्या महोत्सवातून पुढे गेलात की तेच लागतात: एकांकिका ३० मिनिटांची, सेट लावणं आणि काढणं याला १० मिनिटांपर्यंत, कलाकार जास्तीत जास्त ९ आणि साहाय्यक ३. तीन! म्हणजे लाईटला एक, साऊंडला एक, उरला एक. तुमच्या सेटला सहा जण लागत असतील तर तो सेट गेलाच, किंवा मग नटांनी स्वतः उचलायला शिकायचं. हे कागदावर सेट काढण्याआधी कळायला हवं, प्लायवूड कापून झाल्यावर नाही. आणि दुसऱ्या स्पर्धांचे नियम वेगळे असतात, तर दर स्पर्धेचं, दर वर्षीचं पत्रक काढून बघायचं, मागच्या वर्षीच्या सीनियरच्या आठवणीवर जायचं नाही.

हॉल न बघता सेट करणं

आपल्या नागपुरात लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, सिव्हिल लाईन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, तिन्ही जागा वेगळ्या. कॉलेजच्या खोलीत जी झोपडी भरगच्च वाटते ती सुरेश भटच्या स्टेजवर काडेपेटीसारखी दिसते. म्हणून मेजर टेप घेऊन आधी एकदा जाऊन या, आणि फक्त स्टेजची रुंदी नका घेऊ. विंगेत (स्टेजच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसत नाही तिथे) किती जागा आहे, मागचं दार किती उंच-रुंद आहे, दारापासून स्टेजपर्यंत वळण आहे का, प्लग कुठे आहेत, ते सगळं लिहून आणा. मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून छोटं मॉडेल करा, एका फुटाला दोन सेंटिमीटर धरून, माणसंपण कापा त्याच मापाची. दिग्दर्शक कागदावरचा प्लॅन बघून नेहमी 'हो हो मस्त' म्हणतो, मॉडेल बघितल्यावरच त्याला कळतं की सोफ्यामागून एंट्री होऊच शकत नाही.

गाडीचाही विचार करा. ८ बाय ४ फुटांचा फ्लॅट छोटा हत्तीत आडवा टाकला की मागून बाहेर येतो, लाल फडकं बांधा, आणि दोन पोरं मागे बसवून हातानी धरू नका, दोरीनी बांधा.

बांधण्याच्या चुका

स्क्रू नको, हे तर सांगितलंच. आता मी दोन फ्लॅट जोडायला पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या वापरते. बिजागरीचा एक भाग एका फ्लॅटला, दुसरा दुसऱ्याला, दोन्ही कायमचे ठोकलेले, स्टेजवर फक्त दोन्ही जुळवून वरून पिन घालायची. उंचीला तीन बिजागऱ्या पुरतात. अंधारातही होतं. फक्त ठोकताना दोन्ही फ्लॅट जमिनीवर शेजारी झोपवून, बिजागरी बंद ठेवूनच माप घ्या, वेगवेगळे ठोकलेत तर दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि मग पिन जात नाही आणि मग हातोडी येते आणि मग आवाज.

फ्लॅटच्या मागे तिरका टेकू द्या आणि त्यावर वजन ठेवा. वाळू भरलेली सिमेंटची छोटी पोती बेस्ट, तोंड घट्ट शिवून घ्या नाहीतर स्टेजवर वाळू सांडते आणि पुढची टीम घसरते. लाकूड लकडगंजला मिळतंच, पण फ्लॅटसाठी रिपा (लाकडाच्या बारीक लांब पट्ट्या) घेताना एक डोळा मिटून सरळ बघा, वाकडी रीप स्वस्त पडत नाही, फ्लॅट पीळ खातो.

ऑइल पेंट लावू नका. चकाकतो, लाईट पडला की भिंतीवर पांढरा डाग दिसतो. डिस्टेंपर किंवा कुठलाही मॅट रंग घ्या. आणि आपल्या बऱ्याच स्पर्धा पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता येतात, तेव्हा रंग वाळायला दोन दिवस धरा. एकदा आम्ही ओले फ्लॅट रंगाला रंग लावून गाडीत रचले, वर ताडपत्री, आत भट्टी. उतरवताना एका भिंतीचा अर्धा रंग दुसऱ्या भिंतीवर. तेव्हापासून पाठीला पाठ, आणि रंगाच्या बाजूंमध्ये प्लास्टिकचा कागद. थर्माकोल तर हॅलोजनच्या आसपास नकोच, झटकन पेट घेतो.

लाईट: इथे जपून

बाकी चुकांनी हसू होतं, इथे माणूस जाऊ शकतो. जुना १००० वॉटचा पार लाईट (डब्यासारखा स्टेजचा दिवा) २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो. भिंतीवरचा साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. म्हणजे एक लाईट चालेल, एक्स्टेंशन लावून दोन लावले की झाले पावणेनऊ, वायर गरम, प्लग वितळतो, आणि नशीब असेल तर फक्त एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. कॉलेजच्या हॉलमध्ये लाईट लावायचे असतील तर आधी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, कोणता पॉइंट १६ अँपिअरचा आहे ते विचारा, बेरीज कागदावर करा. एक्स्टेंशन बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, पूर्ण उलगडा, गुंडाळीत उष्णता कोंडते. आणि एलईडी पार डिमरच्या (लाईट कमी-जास्त करायच्या यंत्राच्या) चॅनलवर लावायचा नाही, त्याला सरळ पॉवर द्यायची, नाहीतर तो फडफडतो किंवा त्याचा सर्किट जातो.

रंगांचं म्हणाल तर आमची गांधीबागेतली साडी सांगते. भर दुपारच्या उन्हात निवडली, सुंदर मरून, सगळे खूश. रात्रीच्या सीनला निळा लाईट लावला तर साडी ठार काळी, मागे काळा पडदा, आणि पांढरं ब्लाउज आणि डोकं हवेत फिरतंय! लाल कापड निळ्या प्रकाशात काळंच दिसणार, कारण परत फेकायला लाल उजेडच नसतो. आता मी पर्समध्ये जिलेटिनचे, म्हणजे लाईटसमोर लावतात त्या रंगीत पारदर्शक कागदाचे, तुकडे ठेवते, मोबाईलच्या टॉर्चवर धरायचे आणि दुकानाच्या कोपऱ्यात कापड बघायचं. दुकानदार विचित्र बघतात. बघू द्या. मेकअपचंही तेच, ट्यूबलाईटखाली केलेला मेकअप स्टेजच्या लाईटखाली एकदा बघितल्याशिवाय फायनल म्हणू नका.

क्यू शीटमध्ये (कोणत्या क्षणी कोणता लाईट बदलायचा त्याची यादी) 'दार बंद, लाईट कमी' असं लिहिलं तर ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही. असं लिहा: क्यू ७, ती 'निघते मी' म्हणते, त्या शब्दावर नाही, दार लागल्याच्या आवाजावर, खोलीचा लाईट ४ सेकंदांत खाली, खिडकीचा तसाच. आणि पेन्सिलनी, कारण दिग्दर्शक बदलणार. हॉलचे लाईटवाले दादा असतात त्यांना आल्याबरोबर शीटची एक कॉपी द्या, चहा विचारा, 'दादा, पहिल्यांदाच करून राहिलो, चुकलं तर सांगा' म्हणा. त्यांनी आपल्यापेक्षा शंभरपट नाटकं बघितलेली असतात. 'ओ लाईटवाले' अशी हाक मारणाऱ्या टीमला काहून मदत करतील ते?

साऊंड ऐनवेळी बिघडतो तेव्हा

स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच थांबतं. एकाच बाजूचा आवाज येतोय किंवा गाण्यातला गळा गायब झालाय तर पिन अर्धी बाहेर असते, पूर्ण दाबा. काहीच येत नाही तर आधी बघा की ब्लूटूथ कोणाच्या तरी कानातल्या इयरबडला तर जोडलेलं नाही ना, हे आमच्याकडे झालंय, आमचा विंगेतला पोट्टा अख्खी सनई एकटाच ऐकत होता. फोनवरून वाजवणार असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर मरणाच्या सीनला कस्टमर केअरचा फोन येतो. फाइलची नावं ०१, ०२ अशी नाटकाच्या क्रमानी, 'फायनल', 'फायनल खरं', 'फायनल नवीन' अशी नाही. आणि सगळं एका पेनड्राइव्हवर, एका दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येपण.

विंगेतलं बारीकसारीक

प्रॉपर्टीसाठी, म्हणजे नटांना लागणाऱ्या हातातल्या वस्तूंसाठी, विंगेत एक टेबल, त्यावर ब्राऊन पेपर, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून नाव लिहायचं. रिकामी रेषा दिसली की चष्मा राहिलाय हे लगेच कळतं. काळे कपडे, आवाज न करणारे बूट, बांगड्या-पैंजण काढून. ब्लॅकआउटच्या दहा सेकंद आधी डोळे मिटून घ्या म्हणजे अंधार झाल्यावर थोडं लवकर दिसतं, आणि फर्निचरच्या जागेवर रेडियमच्या छोट्या पट्ट्या चिकटवा. छोट्या म्हणजे नखाएवढ्या, एका टीमनी लावलेल्या बघितल्या, ब्लॅकआउटमध्ये स्टेज म्हणजे रनवे झाला होता.

आणि सेट लावायची रिहर्सल करा, वेगळी, घड्याळ लावून, नटांशिवाय आणि मग नटांसकट. पहिल्या वेळी २२ मिनिटं लागतील, घाबरू नका. कोण काय उचलतो, कोणत्या क्रमानी, रिकाम्या हातानी कोणी परत येत नाही ना, हे बघत बघत पाचव्या वेळी आठवर येतं. हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाकडे झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीचं) एक नाटक गाठा, रात्रभर चालतं, आणि जमलं तर विचारून विंगेत उभे राहा. मी उभी होते एकदा, एक माणूस अनवाणी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, न बघता दोरी ओढून राजवाड्याचं जंगल करत होता.

नाटक संपल्यावर पळून जाणं

टाळ्या झाल्या की सगळे सेल्फीला, आणि स्टेजवर आपलं सामान. सेट काढायचा वेळही त्याच १० मिनिटांत येतो हे विसरू नका. काढायचा क्रम आधीच ठरवा, आधी प्रॉपर्टी, मग फर्निचर, मग वजनं, आणि वजन काढायच्या आधी फ्लॅट कोणीतरी धरलेला पाहिजे. खिळे मागे ठेवू नका, पुढच्या नाटकात कोणीतरी अनवाणी असतोच. नटांनाही एकेक वस्तू आधीच नेमून द्या, मेकअप उतरवायच्या आधी.

शेवटी बिजागऱ्यांच्या पिना मोजायच्या, डब्यात टाकायच्या, डब्यावर आकडा लिहायचा. आमच्या डब्यावर २४ लिहिलंय. आत २३ आहेत, आणि गेल्या दोन नाटकांपासून एका बिजागरीत आम्ही खिळा घालतोय.